ल्योंची डोंबिवली

परत येऊन तीन आठवडे झाले. सुटकेस अजून माळ्यावर गेलेली नाही, पण फोटोंचा कार्यक्रम मात्र उरकला. आमच्या फ्रान्सच्या ग्रुपमधल्या एकांच्या घरी, रामनगरला, बत्तीसपैकी बावीस जण जमलो होतो. टीव्हीवर फोटो, हातात बटाटेवडे, आणि प्रत्येक फोटोनंतर एक सुस्कारा. "आपल्याकडे हे व्हायचंच नाही!" मास्तरकीची खोड जात नाही म्हणून मी मोजलं. अकरा वेळा. नदीकाठचा रस्ता दिसला की सुस्कारा, पाण्यातली बदकं दिसली की सुस्कारा. शेवटी एक काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही भूगोल शिकवलात, तुम्हीच सांगा. हे कल्चरच वेगळं ना?"

मी तेव्हा काही बोलले नाही. यजमानीणबाईंनी इतक्या प्रेमाने वडे केले होते, त्यांच्या घरात भांडण कशाला? पण तो प्रश्न घेऊन घरी आले आणि तीन दिवस माझी चिडचिड झाली. म्हणून आज इथे भांडते. जमलेल्यांपैकी निम्मे हे वाचतातच, तेव्हा पोचायचं तिथे पोचेल.

आधी हे सांगते की सहल उत्तम झाली. पॅरिसला दोन दिवस, मग गाडीने ल्यों, आणि तिथून ऱ्होन नदीतून बोटीने आठवडाभर खाली खाली आर्लपर्यंत. आमच्या घरातली तरुण मंडळी अशा सहलींना 'झेंड्यामागची जत्रा' म्हणतात. म्हणोत. गुडघे आमचे, भाषा येत नाही, आणि सामान रोज नव्या हॉटेलात चढवायचं वय गेलं. बोटीत सामान एकदाच लावायचं, गावं आपल्याकडे चालत येतात. मी कुणाची माफी मागणार नाही. माझं भांडण सहलीशी नाही, सहलीहून आणलेल्या त्या एका वाक्याशी आहे.

कारण ते वाक्य कौतुकाचं वाटतं, पण ते कौतुक नाही. ती रजेची चिठ्ठी आहे. 'त्यांचं कल्चर वेगळं' एकदा म्हटलं की आपल्याला काही करायचं उरतच नाही. जे रक्तातच नाही ते कसं करणार? शाळेत 'मला गणित जमतच नाही' म्हणणारी पोरं अशीच असायची. ती गणिताचं कौतुक करत नसत, गृहपाठ टाळत असत.

आणि मुख्य म्हणजे ते वाक्य खोटं आहे. हे मी पुस्तक वाचून म्हणत नाही, बोटीच्या डेकवर उभी राहून पाहिलंय. ल्योंहून बोट सुटली तेव्हा जेवणाची वेळ होती. बहुतेक मंडळी खाली सूप पीत होती. वर डेकवर मी होते आणि ग्रुपमधलाच माझा एक जुना विद्यार्थी. आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्याचा रंगांचा छोटा कारखाना आहे. शहर मागे पडलं आणि दोन्ही काठांना चिमण्या, टाक्या, पाइपांची जाळी सुरू झाली. मैलच्या मैल. तो कठड्याला टेकून बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, ही तर आपली फेज टू!"

खरंच तसं होतं. ल्योंच्या दक्षिणेच्या ह्या पट्ट्याला तिथले लोकच 'रसायनांचं खोरं' म्हणतात. सें-फों, पिएर-बेनित, फेझें अशी गावं, सगळी रसायनांची आणि तेलाची. फेझेंच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ४ जानेवारी १९६६ ला वायूच्या टाक्यांचा स्फोट होऊन १८ माणसं गेली. आम्हा डोंबिवलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ह्या दोन्ही दिवशी आमच्या खिडक्यांच्या काचा हादरल्या आहेत.

त्या पट्ट्याचा फोटो आमच्यापैकी एकानेही काढलेला नाही. फोटोंच्या कार्यक्रमात ल्योंनंतर एकदम द्राक्षांचे मळे आले. मग सुस्कारा सोडणार नाही तर काय! वाटेत क्रुआसची अणुवीज केंद्रंही दिसली. त्यांच्या एका अवाढव्य मनोऱ्यावर पाण्याशी खेळणाऱ्या मुलाचं चित्र काढलंय. त्याचे फोटो मात्र सगळ्यांनी काढले. चित्राचे काढले, मनोरा कशाचा आहे हे विचारलं नाही.

ऱ्होन काही स्वच्छ पवित्र गंगा नाही. २००७ साली तिच्यात पीसीबी नावाचं विषारी रसायन इतकं सापडलं की तिचे मासे खाऊ नका म्हणून सरकारला बंदी घालावी लागली. २०२२ मध्ये पिएर-बेनितच्या परिसरात, कधीच न विरणारी म्हणतात ती पीफास रसायनं आढळल्याचं पत्रकारांनी बाहेर काढलं, आणि पुढे आसपासच्या लोकांना परसातल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका असं सांगण्याची वेळ आली. हे 'कल्चर' म्हणायचं का? कारखानदार तिकडचाही आपल्याच मापाचा असतो, सोडता आलं तर सोडतो.

ल्योंचा तो नदीकाठ, ज्यावरून आपण सकाळी चाललो आणि अकरातले चार सुस्कारे ज्याच्या वाट्याला गेले, तो २००७ पर्यंत गाड्यांचं पार्किंग होता. आपण जिथे बसून आइस्क्रीम खाल्लं तिथे वर्षानुवर्षं मोटारी उभ्या असायच्या. गाड्या हलवून पाचेक किलोमीटरचा काठ त्यांनी माणसांसाठी मोकळा केला. गाडीवाले तिथेही रागावले असणारच, पण त्यांच्या रागासाठी काम थांबलं नाही.

आणि पॅरिसची सीन? आमच्या पिढीला पॅरिस पहिल्यांदा दाखवलं ते पु. लं.च्या 'अपूर्वाई'ने. मनात तेव्हापासून ती नदी निर्मळच आहे. प्रत्यक्षात तिच्यात पोहायला १९२३ पासून बंदी होती. १९७० च्या सुमारास पॅरिसच्या हद्दीत माशांच्या तीनच जाती उरल्या होत्या, आज तीसहून जास्त सांगतात. जाक शिराक पॅरिसचे महापौर असताना १९९० साली म्हणाले की तीन वर्षांत मी साक्षीदारांसमोर सीनमध्ये पोहून दाखवीन. काही पोहले नाहीत! तेव्हा 'आपले राजकारणी असे' हेही बाजूला ठेवू या. पोकळ आश्वासनात आपली मक्तेदारी नाही.

मग झालं कसं? १४० कोटी युरोंच्या आसपास खर्च करून, आणि मुख्य म्हणजे कंटाळवाणी कामं करून. हजारो घरांचं सांडपाणी चुकून पावसाच्या गटाराला जोडलेलं होतं आणि तिथून थेट नदीत जात होतं. ती घरं शोधून, दारोदार जाऊन जोडण्या बदलायचं काम हाती घेतलं. नदीत राहणाऱ्या घरबोटींना सांडपाण्याच्या नळाला जोडून घेणं सक्तीचं केलं. ऑस्टरलित्झ स्टेशनजवळ जमिनीखाली ५०,००० घनमीटरचा हौद बांधला, म्हणजे मोठ्या पावसात गटारं भरली तर मैला नदीत न जाता आधी हौदात थांबेल. एवढं करूनही २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पाऊस पडला, पाणी बिघडलं आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. जगाने हसून घेतलं. पण जुलै २०२५ मध्ये तीन ठिकाणी सीन सामान्य माणसांना पोहण्यासाठी उघडली. शंभर वर्षांनी!

ह्यात कुठे कल्चर दिसतं का? मला तर प्लंबर दिसतो, वही दिसते, आणि पावती दिसते.

पावतीवरून सांगते. फ्रान्सने १९६४ च्या डिसेंबरात पाण्याचा कायदा केला आणि देशाचे सहा भाग पाडले. जिल्ह्यांप्रमाणे नाही, नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे. प्रत्येक खोऱ्याची एक संस्था, तिच्या समितीत नगरपालिका, कारखानदार, शेतकरी, मासेमार आणि सरकार. पाणी जो वापरेल आणि जो घाण करेल त्याने पैसे भरायचे. घरगुती पाण्याच्या बिलातसुद्धा ती रक्कम असते. तेच पैसे सांडपाण्याच्या प्रकल्पांना परत मिळतात. साधा हिशेब आहे. साठ वर्षं चालू आहे, आणि साठ वर्षांनीसुद्धा पुरा झालेला नाही.

आता म्हणाल, आपल्याकडे कायदा कुठे आहे? आहे की! महाराष्ट्राने पाणी प्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी पाच वर्षं. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. म्हणजे आपण फ्रान्सच्या पाचच वर्षं मागे होतो. वर्गात बाकं शेजारी शेजारी होती. एकाने गृहपाठ केला, दुसरा 'जमतच नाही' म्हणत राहिला.

लोकसंख्येचा मुद्दा मी मान्य करते, पण पूर्ण नाही. सगळा ल्यों महानगर भाग धरला तर साधारण १४ लाख माणसं. कल्याण-डोंबिवलीत २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाख होती. आता अर्थातच जास्त आहेत, आणि शेजारी उल्हासनगर, भिवंडी, ठाणे आहेत. आपलं काम त्यांच्यापेक्षा कठीण आहे, खूप कठीण आहे. पण कठीण आणि 'व्हायचंच नाही' ह्यात फरक आहे. आणि पैसा नाही, हे तर आपण बत्तीस जणांनी बोलूच नये. माणशी किती मोजले ते आपल्याला माहीत आहे. त्याची बेरीज करून बघा.

खरी गोष्ट अशी आहे की आपल्याला नदी आहे हेच आपण विसरलोय. आर्लला गाइड अभिमानाने सांगत होती की हे रोमन काळातलं बंदर, समुद्रातला माल इथून नदीने वर जायचा. सगळे माना डोलवत होते. मला हसू येत होतं. त्याच काळात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या व्यापारी मार्गदर्शिकेत आपल्या कल्याण बंदराचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि दुर्गाडीच्या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली. आर्ल पाहायला सात हजार किलोमीटर गेलो. दुर्गाडीच्या पुलावरून जाताना मात्र काच वर करतो, वास येतो म्हणून.

ती उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूरवरून कल्याणला येते, पुढे ठाण्याला वळसा घालून वसईच्या खाडीला मिळते. उगम ते समुद्र, सगळी महाराष्ट्रातच, जेमतेम सव्वाशे किलोमीटर. ऱ्होन आठशेच्या वर आहे आणि स्वित्झर्लंडमधून येते. सांभाळायला कोणती सोपी? आपल्या नळाला येणारं पाणी उल्हासचंच. तिला मिळणारी वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. मंदिर १०६० सालचं, म्हणजे आपण ज्या आव्हिन्योंच्या मोडक्या पुलाला पैसे देऊन फोटो काढले त्याच्याहून शंभरेक वर्षं जुनं. पण वालधुनीच्या काठी कुणी फोटो काढत नाही. 'वनशक्ती' संस्थेने उल्हास आणि वालधुनीसाठी हरित लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये लवादाने कोट्यवधींचा दंडही ठोठावला. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत होतं? मलाही परतल्यावर शोधलं तेव्हाच नीट कळलं. नगरपालिका आणि महापालिका इतक्या, प्रत्येकीची घाण पुढचीच्या हद्दीत जाते, आणि प्रत्येकजण वरच्याकडे बोट दाखवतो. मधल्या मधे नदी जलपर्णीने हिरवीगार होते, आणि लांबून बघणारा म्हणतो, वा, किती हिरवळ!

आता कारखान्यांवर बोट दाखवून थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण माझा विद्यार्थी त्या दिवशी डेकवर आणखी एक बोलला होता. "बाई, आमचं आम्ही बघू, आम्हाला नोटिसा येतात. तुमच्या सोसायटीचं कुठे जातं हो?"

मला उत्तर देता आलं नाही. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि माझ्या मोरीचं पाणी कुठे जातं हे मला ठाऊक नव्हतं. परत आल्यावर सेक्रेटरींना विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग प्लंबरला घेऊन आम्ही दोघं मागच्या बाजूला गेलो. त्याने झाकण उघडून दाखवलं. थोडं महापालिकेच्या ड्रेनेजला जातं. आणि मागच्या विंगचं, माझ्या विंगचं, सरळ नाल्यात. नाला खाडीत. पॅरिसची ती चुकून जोडलेली घरं असतात ना, त्यातलं एक माझं निघालं.

दुसरं पाप तर ठाऊक असून केलेलं आहे. डोंबिवलीहून ठाण्याला शाळेत जाताना, कळव्याचा खाडीपूल आला की मी पर्समधून निर्माल्याची पिशवी काढायची आणि खिडकीतून टाकायची. नमस्कारसुद्धा करायची. पिशवी प्लॅस्टिकची. डब्यातल्या सगळ्याच बायका करायच्या. देवाचं आहे, पायदळी येऊ नये, ही भावना खरी होती. पण जिच्यात टाकलं तिचं काय होतं हा विचार एकीनेही केला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावरून चालत जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यात लोकलमधून कुणीतरी फेकलेला नारळ बसला आणि तो गेला. ती खाडी म्हणजे आपल्या उल्हासचंच मुख. बातमी वाचली तेव्हा मी 'काय लोक असतात' म्हणाले होते. ते लोक म्हणजे मी.

म्हणून काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, कल्चर वेगळं नाही. तेही घाण करत होते, आजही करतात. फरक एवढाच की तिथे कुणीतरी झाकण उघडून पाहिलं, वहीत लिहिलं आणि बिल पाठवलं. तुम्हा-आम्हाला तेवढं जमतं. बत्तीस जणांच्या सहलीचा हिशेब आपण कॉफीच्या पैशांसकट चोख ठेवला होता, आठवतंय ना?

तर माझं म्हणणं असं. प्रत्येकाने आपापल्या सोसायटीत जाऊन झाकण उघडून बघायचं. नाल्याला जोडलेलं असेल तर सर्वसाधारण सभेत विषय मांडायचा आणि महापालिकेला लेखी अर्ज द्यायचा, पोच घेऊन. आमच्या सभेत मी मांडला आहे. खर्चाचा आकडा ऐकल्यावर पुढच्या सभेवर ढकललाय, आणि "बाई, आता ह्या वयात कशाला?" असंही ऐकून झालंय. पुढच्या सभेत परत मांडीन.

आणि आपल्या ग्रुपचं पुढचं गेट-टुगेदर कुणाच्या घरी नको, दुर्गाडीला करू. बटाटेवडे मी आणते. वास येईल हो, माहीत आहे मला. रुमाल घेऊन या. मात्र फोटो काढताना या वेळी काही गाळायचं नाही.